शतावरी : कोंबाची आणि मुळीची गोष्ट

एकाच घरच्या दोन बहिणी असाव्यात. थोरली दूरदेशी राजाच्या मुदपाकखान्यात नांदावी आणि धाकटी इकडे वैद्याच्या ओसरीवर. आणि पुढे शतके लोटल्यावर एकीच्या लेकरांना दुसरीची ओळखही उरू नये, तशी काहीशी गत ॲस्परॅगस आणि शतावरी यांची झाली आहे. ॲस्परॅगस हे नाव आपण बड्या हॉटेलातील भोजनपत्रिकेवर वाचतो आणि ही कोणी परदेशी महागडी भाजी आहे असे समजून पुढच्या ओळीकडे वळतो. शतावरी हे नाव मात्र घरात बाळंतपण झाले की आजीच्या तोंडून हमखास निघते. वनस्पतिशास्त्रज्ञांना विचारावे तर ते सांगतात की दोघींचे कुळ एक, गोत्र एक आणि आडनावही एकच. इतकेच नव्हे, तर फुलवाल्याच्या गुच्छात गुलाबामागे जे हिरवे धुके पसरलेले असते, तीही यांचीच दक्षिण आफ्रिकेतून आलेली बहीण. म्हणजे एक बहीण ताटात, एक बरणीत आणि एक फुलदाणीत!

हे नाते एकदा ध्यानात आले की एक प्रश्न सहजच मनात उभा राहतो. युरोपातील माणसाने या झाडाचा कोंब घेतला आणि आपण मुळी घेतली, असे का झाले? आणि या निवडीचे पुढे काय फळ मिळाले? वरवर पाहता प्रश्न स्वयंपाकघरातला आहे; पण त्याचे उत्तर शोधताना रोमपासून मुंबईच्या गिरणगावापर्यंत आणि तिथून सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूरच्या उसाच्या फडापर्यंत जावे लागते.

प्रथम झाडाचीच ओळख करून घेऊ. शतावरी ही काटेरी वेल. कुंपणावर, बोरी-बाभळींच्या आधाराने ती चढते. तिची पाने म्हणून आपण जी सुईसारखी हिरवी झालर पाहतो ती खरी पाने नव्हेतच. ती पानांचे काम करणारी बारीक खोडे आहेत. खरी पाने आक्रसून खवल्यांएवढी आणि काट्यांएवढी उरली आहेत. उन्हाळ्यात वेल वाळल्यासारखी दिसते. परंतु जमिनीखाली बोटाएवढ्या जाड, पांढुरक्या, रसाळ मुळ्यांचा झुबका पाणी आणि अन्न साठवून बसलेला असतो. मृगाचा पाऊस पडला की या साठ्याच्या बळावर जमिनीतून टोकदार कोंब भराभर वर येतात. ॲस्परॅगसची रीतही हीच. फरक एवढाच की तो वेल नसून झुडूप आहे आणि त्याचे कोंब अधिक जाड, अधिक गोड असतात. तेव्हा कोंब म्हणजे या झाडाचे व्याज आणि मुळी म्हणजे मुद्दल, ही खूणगाठ वाचकांनी मनाशी बांधून ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आपल्याकडे मुळीची कीर्ती फार जुनी. आयुर्वेदाच्या संहितांत शतावरी बल देणारी, शरीर पुष्ट करणारी आणि दूध वाढवणारी म्हणून येते. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात तिची नावे दिली आहेत ती पाहण्यासारखी आहेत : शतमूली, बहुसुता, अभीरु, इंदीवरी, वरी, नारायणी. शतमूली म्हणजे शंभर मुळ्यांची आणि बहुसुता म्हणजे पुष्कळ लेकरे असणारी. जमिनीखालचा तो झुबका ज्याने एकदा पाहिला असेल त्याला या नावांचा अर्थ सांगावा लागत नाही. बाळंतिणीला शतावरी देण्याची चाल, शतावरी घृत, नारायण तेल, या साऱ्यांतून ही मुळी घराघरांत पोचली. मराठीतही तिच्यावर आस्थेने लिहिले गेले. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधिगुणादर्श’ आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा १९२७ सालचा ‘औषधिसंग्रह’ या ग्रंथांनी आपल्या रानातील झाडांचे गुण मराठी वाचकाला मराठीतच सांगितले, हे त्यांचे ऋण मोठे आहे.

तिकडे थोरल्या बहिणीचा संसार निराळा चालला होता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोममधील केटो नावाच्या करड्या स्वभावाच्या मुत्सद्द्याने शेतीवर एक पुस्तक लिहिले. त्यात ॲस्परॅगसचे बी कसे टोकावे, किती वर्षे कापू नये, वाळलेले दांडे केव्हा जाळावेत, हे सगळे बारकाईने सांगितले आहे. त्यातली एक सूचना वाचून आपल्या माणदेशातील धनगर गालातल्या गालात हसेल. केटो म्हणतो की या वाफ्याला मेंढ्यांचेच खत घालावे, कारण दुसऱ्या खताने तण माजते. रानात मेंढ्या बसवून घेण्यासाठी शेतकरी धनगराच्या वाड्याची वाट पाहतो, हे माळशिरस-सांगोल्याकडे कोणी पुस्तकात वाचून शिकलेले नाही. दोन हजार वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर मधे असताना मातीने दोघांनाही एकच धडा दिला, एवढेच.

पुढे रोमच्या सुखवस्तू लोकांनी या कोंबांचे इतके स्तोम माजवले की रॅव्हेना येथील बागांत तीन कोंबांचे वजन एक रोमन पौंड भरते, अशी नोंद प्लिनीने करून ठेवली आहे. सतराव्या शतकात फ्रान्सचा चौदावा लुई याला हे कोंब भर हिवाळ्यात हवे असत. तेव्हा व्हर्सायच्या राजबागेचा प्रमुख ला कँतिनी याने कुजणाऱ्या शेणखताच्या उबेवर अवेळी कोंब काढून ते राजाच्या ताटात पोचवले. हिंदुस्थानातील एखाद्या बादशहाच्या आंब्याच्या हौसेसारखीच ही हौस! गंमत अशी की १७५३ साली लिनिअसने या भाजीला शास्त्रीय नाव दिले ते ‘ऑफिसिनॅलिस’, म्हणजे औषधी दुकानातली. युरोपनेही तिला आधी औषधच मानले होते. चव लागली तसे औषध मागे पडले आणि भाजी उरली.

या भाजीने रसायनशास्त्रालाही एक देणगी दिली. १८०६ साली पॅरिसमध्ये व्होक्लाँ आणि रोबिके या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी ॲस्परॅगसच्या रसातून एक स्फटिकमय पदार्थ वेगळा काढला. त्याला भाजीवरूनच ॲस्परॅजिन असे नाव पडले. प्रथिने ज्या घटकांची बनलेली असतात त्या अमिनो आम्लांपैकी माणसाच्या हाती लागलेले हे पहिले. आपल्या डाळीतील, दुधातील प्रथिनांचे गणित आज शाळेतली मुले शिकतात. त्याचा श्रीगणेशा एका भाजीच्या रसात झाला.

इंग्रजी अमदानीत या दोन्ही बहिणींची महाराष्ट्रात गाठ पडली खरी, पण ओळख झाली नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि गणेशखिंडीतील वनस्पतिउद्यान पाहणारे मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातील बागकामावर पुस्तक लिहिले. अशा पुस्तकांच्या आधाराने साहेबलोक बंगल्यामागे विलायती भाज्या लावीत. त्याच कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात आपल्या रानातील निरनिराळ्या शतावरी नोंदल्या आहेत. त्यांतील एकीला व्हिक्टर जॅकमाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचे नाव आहे. हा तरुण प्रवासी दख्खनमधून झाडे गोळा करीत आला आणि १८३२ साली मुंबईत आजारी पडून निवर्तला. परंतु साहेबाच्या खानसाम्याला कुंपणावरच्या काटेरी वेलीशी कर्तव्य नव्हते आणि वैद्याला साहेबाच्या वाफ्याशी.

मग आपल्याकडे कोंब कोणी खाल्लेच नाहीत काय? खाल्ले तर, पण ज्यांनी खाल्ले त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत. सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यात पहिल्या पावसानंतर शतावरीचे कोवळे कोंब खुडून भाजी करण्याची रीत आहे. अलीकडे ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरतात, तिथे टाकळा, कुर्डू, करटुली यांच्या पंक्तीला शतावरीचे कोंबही दिसतात आणि शहरातील बायका ‘अगबाई, हिची भाजीसुद्धा करतात?’ म्हणून नवल करतात. ज्यांच्या घरी दाणे सरत आलेले असत आणि नवे पीक दूर असे, त्या आषाढ-श्रावणाच्या ओढगस्तीत ही भाजी घराला हात देत असे. राजाच्या ताटातली भाजी आणि गरिबाच्या टोपल्यातली भाजी एकाच कुळातली निघावी, हा योगायोग मोठा बोलका आहे.

आता पोषणाकडे वळू. ॲस्परॅगसच्या शंभर ग्रॅम कोवळ्या कोंबांत सुमारे ९३ ग्रॅम पाणीच असते. प्रथिने दोन ग्रॅमच्या किंचित वर, चोथा दोन ग्रॅम आणि उष्मांक अवघे २०. म्हणजे पोट भरण्याची ही वस्तू नव्हे. तिची खरी श्रीमंती फोलेट या जीवनसत्त्वात आहे. ते शंभर ग्रॅममध्ये सुमारे ५२ मायक्रोग्रॅम भरते. आणि या फोलेटचा इतिहास तर आपल्या मुंबईतच घडला आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरण्यांतून काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत असे, त्याचे कारण त्यांना शोधायचे होते. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. त्यांनी रोगजंतू तपासले, आणि त्याबरोबर या बायकांच्या ताटात काय पडते तेही पाहिले. ताटात भाजीपाला, फळे, दूध यांचा दुष्काळ होता. यीस्टचा अर्क दिल्यावर या बायका झपाट्याने सुधारतात हे त्यांनी दाखवून दिले आणि १९३१ साली ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटकाला कित्येक वर्षे ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून फोलिक ॲसिड वेगळे काढण्यात आले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव पडले. आणि विल्सबाईंचा घटक तो हाच, असे पुढे ठरले.

येथे एक सावधगिरीचा शब्द. गरोदर स्त्रीला दिवसाकाठी जवळजवळ ६०० मायक्रोग्रॅम फोलेट लागते; तेव्हा वाटीभर कोंबांनी ते भागत नाही. आपला पालकही या बाबतीत ॲस्परॅगसच्या पुढेच आहे. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह-फोलिक ॲसिडच्या गोळ्यांची जागा कोणतीही भाजी घेऊ शकत नाही. तसेच मुळीचे. शतावरीने दूध वाढते या समजुतीची तपासणी काही लहान चाचण्यांत झाली. काहींत गुण दिसला, काहींत दिसला नाही. परंपरेचा मान राखावा, पण डॉक्टरांना विचारून, एवढेच शहाणपण.

आता श्रीपूरला येऊ. माळशिरस तालुक्यात, महाळुंगच्या शेजारी हे गाव. हा सारा मुलूख मूळचा कमी पावसाचा. भाटघरचे मोठे धरण १९२८ च्या सुमारास पुरे झाले, नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी खाली उतरू लागले आणि ज्वारीच्या रानांत ऊस उभा राहिला. सासवडहून आलेल्या माळी बागाईतदारांनी १९३२ साली माळीनगरचा कारखाना काढला. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी स्थापली आणि तिचा साखर कारखाना श्रीपूरला झाला. आज तिथे पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. पाण्याने आणि साखरेने या भागाचे दैन्य फिटले, यात शंका नाही.

परंतु प्रत्येक सुबत्तेची एक लहानशी पावती कुठेतरी फाडली जातेच. रान पाण्याखाली आले की जमिनीला इंचाइंचाने मोल येते. बांध कोरले जातात, बोरी-बाभळी तुटतात आणि ज्या कुंपणाच्या आधाराने शतावरी चढायची ते कुंपणच उरत नाही. दुसरीकडे बाजारात मुळीची मागणी वाढतच जाते. शतावरी कल्पाचा डबा आज गावोगावच्या दुकानांत मिळतो. या कल्पात वजनाने बहुतांश साखरच असते आणि मुळीचा अंश थोडा, हे डब्यावरील बारीक अक्षरे वाचणाऱ्याला कळते. श्रीपूरची गोडी आणि रानातली मुळी यांची गाठ अशी डब्यात पडली. पण साखर दरसाल नव्या उसातून येते, मुळी मात्र येते ती बहुधा रानातल्या वेलीचा जीव घेऊन.

वर बांधून ठेवलेली खूणगाठ आता सोडू. कोंब खुडला तर वेल जगते. मुळ्यांच्या साठ्यातून ती पुन्हा फुटते. मुळ्यांचा झुबका समूळ उपटला तर वेल संपते. युरोपने व्याज खाल्ले, म्हणून त्याला मुद्दल सांभाळावे लागले. बाग लावावी लागली, तीन वर्षे थांबण्याचा संयम शिकावा लागला. आपल्याला रानाने मुद्दलच फुकट दिले, म्हणून ते लावण्याची गरज आपल्याला फार काळ वाटलीच नाही. वैद्याला मुळी हवी होती, पण ती आणून देणारा हात वेगळा, आणि वेल पुन्हा लावण्याची जबाबदारी त्यांतल्या कोणावरच नव्हती. केंद्र सरकारने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले आणि लागवडीसाठी निवडलेल्या वनस्पतींत शतावरीचे नाव घातले, ते याच कारणाने.

सरकारी मंडळाचे काम मंडळ करील. परसबाग मात्र आपली आहे. शतावरी घरी लावणे मुळीच अवघड नाही. हिवाळ्यात पिकलेल्या फळांतील काळे बी घ्यावे, रात्रभर पाण्यात भिजवावे आणि उन्हाळ्याच्या शेवटी कुंडीत पेरावे. बियांची टरफले टणक, तेव्हा उगवायला महिनाभर लागला तरी धीर सोडू नये. पावसाळ्यात रोपे कुंपणाशी, दोन-दोन फुटांवर लावून आधाराला काठी द्यावी. पाणी साचू देऊ नये. दीड-दोन वर्षांनी मुळ्या काढण्याजोग्या होतात. त्या काढताना वरचा गड्डा, कोंबांचे डोळे आणि थोड्या मुळ्या तशाच राखून पुन्हा मातीत लावाव्यात. मुळीही मिळाली आणि वेलही राहिली.

ॲस्परॅगस लावण्याची हौस असेल तर श्रीपूरसारख्या उष्ण गावी थोडी युक्ती करावी लागते. थंड देशात हिवाळा या झाडाला सक्तीची विश्रांती देतो. आपल्याकडे ती मिळत नाही. तैवान आणि थायलंडकडील शेतकऱ्यांनी यावर तोड काढली आहे. प्रत्येक झाडाचे तीन-चार जोमदार दांडे वाढू द्यायचे. त्यांना ते ‘आईचे दांडे’ म्हणतात. हे दांडे ऊन खाऊन मुळ्यांना पोसतात आणि नवे येणारे कोंब आपण कापायचे. आई उभी ठेवून लेकरांना वाढवण्याची ही रीत, बहुसुता म्हणवणाऱ्या झाडाला अगदी शोभून दिसते! वाफा खोल खणावा, मेंढीचे किंवा चांगले कुजलेले शेणखत घालावे आणि पहिली दोन वर्षे सुरीला हात लावू नये. पुढे तोच वाफा दहा-पंधरा वर्षेही टिकतो. या झाडाचा आणखी एक गुण नीरेकाठच्या शेतकऱ्याने ऐकून ठेवावा. १९१० साली हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर लिहिले, तेव्हापासून कालव्याच्या पाण्याने जमीन चोपण होण्याची काळजी या भागाला आहे. ॲस्परॅगस मुळात समुद्रकाठचे, म्हणून थोडा खार सोसते. पण तुंबलेले पाणी सोसत नाही. तेव्हा आधी निचरा, मग वाफा.

राहता राहिला स्वयंपाक. ॲस्परॅगसचा कोंब दोन हातांत धरून वाकवावा. जिथे मोडेल तिथपर्यंत कोवळा. खालचा दांडा सोलून सारात घालावा. कोवळा भाग पाण्यात रटरटा शिजवू नये, कारण फोलेट पाण्यात उतरते आणि आपण ते मोरीत ओततो. चार-पाच मिनिटे वाफवावा, किंवा तव्यावर जिरे-लसणाच्या फोडणीत परतावा आणि वरून सोलापुरी शेंगाची चटणी भुरभुरावी. भाकरीशी तो झकास लागतो. शतावरीचे कोंब किंचित कडवट, म्हणून ते बारीक चिरून, भिजवलेली मूगडाळ, कांदा, हिरवी मिरची आणि ओले खोबरे घालून करावेत. मात्र ओळख पक्की असल्याशिवाय रानातून काही खुडू नये. याच दिवसांत कुंपणावर कळलावीही उगवते आणि तिचा कंद विषारी आहे. फुलदाणीतल्या तिसऱ्या बहिणीची फळेही मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत.

दिवाळीत आपण दारी पणत्या लावतो तशी अंगणात एखादी वेलही लावली तर काय बिघडते? वेलीने आपल्याला आजवर मुळी दिली. आता तिला चढायला एक कुंपण आपण द्यावे. पुढच्या मृगात पहिला कोंब मातीतून डोके काढील, तेव्हा त्यातले अर्धे कोंब ताटासाठी खुडावेत आणि अर्धे वेलीसाठी राखावेत. एवढी वाटणी घरातल्या लहान मुलालाही समजते.